मिरीतलं लोखंड

मिरी विकत घेताना आधी वास घेऊ नये. वास सगळ्याच मिरीला येतो, आणि एकदा नाक खूश झालं की डोळे काम करायचे थांबतात. दुबईच्या देऱ्यात मी सहा वर्षं मिरीच्या गोण्या पाठीवर वाहिल्या आणि पुढची एकोणीस वर्षं स्वतःच्या जिवावर मिरीचा धंदा केला. या पंचवीस वर्षांत मला ज्यांनी फसवलं, त्यांतल्या बहुतेकांनी आधी माझ्या नाकाखाली मूठ उघडली होती.

संपादकांनी आखातातल्या दिवसांवर लिहा म्हणून सांगितलं. दुबई म्हटलं की वाचकांना उंच इमारती आठवतात, असंही ते म्हणाले. त्या इमारती उभ्या राहत होत्या तेव्हा मी अल रासच्या गल्लीत धणे-जिऱ्याच्या धुळीत शिंकत होतो, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. मिरीबद्दल सांगता येईल. आणि माझ्या एका तक्रारीबद्दल. ती एका व्हिएतनामी बाईविषयी आहे. तिने मला माल देणं बंद केलं आणि का, ते सांगितलं नाही. त्यासाठी मी तिच्या गावापर्यंत गेलो. मिरी घ्यायला जातोय असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

आधी धंदा समजून घ्या. मिरीचा दर वजनावर ठरतो असं बाहेरच्या माणसाला वाटतं. तसं नाही. एक लिटरचं भांडं मिरीने काठोकाठ भरायचं, वरून पट्टी फिरवून सपाट करायचं आणि मग ते तोलायचं. साडेपाचशे ग्रॅम भरली तर दाणा भरीव. पाचशेवर भागतं. त्याच्या खाली गेली की तुम्ही मिरीच्या नावाने सालं विकत घेताय. मग एक दाणा दाताखाली फोडायचा. कट्कन आवाज आला तर सुका, दबला तर ओला, म्हणजे पाण्याचे पैसे तुम्ही देणार. मग खडे, काड्या, पपईच्या बिया. आणि शेवटी लोहचुंबक. दळणाच्या चक्कीत लोखंड गेलं की ठिणगी उडते, म्हणून गिरणीवाले लोखंडाला भितात. आणि वजन वाढवायला गोणीत काय काय टाकतात, त्याची यादी मी केली तर हा अंक पुरणार नाही.

नव्वदच्या दशकापर्यंत आमच्या बाजारात मिरी म्हणजे कोचीनची. मग व्हिएतनामची यायला लागली, स्वस्त आणि मुबलक. इराणी, पठाण, रशियाचे लोक, सगळे दुबईतून उचलायचे. कोचीनवाले नाकं मुरडत राहिले. मी मुरडलं नाही, मी लिटरचं भांडं काढलं.

त्या सुमाराला एका एप्रिलमध्ये, ऊन असं की गल्लीतलं मांजरसुद्धा सावली बदलत फिरत होतं, माझ्या ऑफिसात एक बाई आली. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक फॅक्स, दोन खुर्च्या. चाळिशीची, बुटकी, अंगात साहेबी कोट आणि पायात रबरी सपाता. हातात कपड्यांची सुटकेस. तिने ती टेबलावर उघडली. आत कपडे नव्हते, मिरीच्या सहा पिशव्या होत्या.

आमची भाषा तोडक्यामोडक्या इंग्रजीची. इथे मी ती मराठीत लिहितोय, पण वाक्यं तेवढीच लहान होती असं समजा. खरं बोलणं कॅल्क्युलेटरवर चालायचं. मी आकडा दाबून तिच्याकडे सरकवायचा, तिने पुसून दुसरा दाबून माझ्याकडे.

तिचा पहिला आकडा बघून मी ओरडलो, "हे काय, केशर आहे का?"

ती शांतपणे म्हणाली, "केशर हलकं असतं. हे भांड्यात घालून बघा."

मी घातली. पाचशे साठ भरली. मी परत तोलली. परत पाचशे साठ. माझा आवाज खाली आला, आकडा मात्र मी वर नेला नाही. दीड तास आम्ही तो कॅल्क्युलेटर ढकलत होतो. मी तीन वेळा "खलास, जा" म्हणालो आणि ती तीनही वेळा बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुबईतली तिची पहिली ऑर्डर मी दिली. हे मी आजही सांगतो, कारण पुढे लोक हे विसरले.

तिच्या कार्डावर नाव होतं 'थू'. मी ते वाचलं आणि गप्प बसलो.

"नाव घ्या माझं," ती म्हणाली.

"नाही जमणार."

"अवघड आहे?"

"अवघड नाही. आमच्याकडे बाईमाणसासमोर हा आवाज काढत नाहीत." तरी तिला कळेना, तेव्हा मी कचऱ्याच्या डब्याकडे तोंड करून नुसता आवाज काढून दाखवला. ती तोंडावर हात धरून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ शरद ऋतू. मी म्हटलं, आमच्याकडे शरद हा बाप्या असतो. शेवटी मी तिला बाई म्हणायचं ठरलं.

मग तिने विचारलं, "तुमच्या नावाचा अर्थ?"

माझं नाव भिकाजी. दुबईत हे नाव मी शक्यतो सांगत नसे, कार्डावर बी. जी. लिहायचो. पण तिने स्वतःच्या नावाचं हसू करून घेतलं होतं, म्हणून सांगितलं. माझ्याआधीची दोन भावंडं गेली. मी झालो तेव्हा आईने मला सुपात घालून शेजारणीला दिलं आणि मूठभर तांदूळ देऊन परत मागून घेतलं. भीक म्हणून मिळालेलं पोर देव नेत नाही, असा हिशेब.

ती हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडे पहिल्या मुलाला 'दुसरा' म्हणतात. पहिला कुणी नसतोच. वाईट नजर पहिल्याला शोधते, तो सापडत नाही."

"म्हणजे तुम्हीही देवाला फसवता."

"प्रयत्न करतो," ती म्हणाली. मग बोटांवर मोजून, "तुम्ही तिसरे. आमच्या मोजणीत चौथे. 'आन्' म्हणजे मोठा भाऊ, 'तू' म्हणजे चार. आन् तू."

तेव्हापासून ती मला तेच म्हणायची. फोन उचलला की पलीकडून "आन् तू". तिच्या दृष्टीने ते नुसतं संबोधन, चौथा दादा. माझ्या कानाला ते गावचं, राजापूरकडचं वाटायचं. आई दोघातिघांची विचारपूस करून झाली की माझ्याकडे वळून म्हणायची तसं, आन् तू? दुबईत मला हमाल सेठ म्हणत, अरब हबीबी म्हणत, पुण्या-मुंबईची साहेब मंडळी गणपतीच्या वर्गणीपुरतं मिरीवाले म्हणत, आणि बायको गावाहून फोनवर अहो. आई गेल्यापासून मला तू म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. धंद्यात समोरच्याला आपल्या मऊ जागा दाखवू नयेत.

तीन हंगाम आमचं चांगलं चाललं. भांडणं व्हायची, फॅक्सवर मी मोठ्या अक्षरांत लिहायचो, ती खाली बारीक अक्षरांत उत्तर द्यायची. एका शुक्रवारी दुपारी मी काही कागदांवर तिची सही घ्यायला नैफ रोडमागच्या तिच्या खोलीवर गेलो. टॅक्सीला पाच दिरहम, म्हणजे पन्नास रुपये, म्हणून चालत गेलो. तिने दार उघडलं आणि आत बसवलं. स्टुलावर भात, तळलेली मासळी, हिरवी भाजी, आणि भाताच्या वाडग्यात उभी खोचलेली पेटती सिगारेट. ताटं दोन. मला भूक लागली होती, पण दुसरं ताट कुणासाठी ते कळेना, म्हणून मी वाट बघत बसलो.

पाच मिनिटांनी विचारलं, "पाहुणा कधी येणार?"

"आला असेल," ती म्हणाली.

भिंतीला टेकवून एक फोटो ठेवला होता. विशीतला पोरगा, कान मोठे, गणवेश. तिचा सर्वांत मोठा भाऊ. घरात त्याला 'दुसरा' म्हणत. गावापासून तीन कोसांवरच्या छावणीत होता. एका सकाळी घरून गेला, त्याच आठवड्यात त्या भागात मोठी लढाई झाली, आणि तो परत आला नाही. देहही मिळाला नाही. तो हरलेल्या बाजूचा, दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यातला, त्यामुळे त्याला शोधणारं कुठलं खातं नाही, दगडावर नाव नाही. मेला कधी ते माहीत नाही, म्हणून घरून निघाला त्या तिथीला त्याचं पान वाढतात. त्यांच्याही तिथ्या चंद्रावर चालतात.

मी तिला सांगितलं, आमच्याकडे तिथी माहीत नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावस्या असते. त्या दिवशी सगळ्यांचं एकत्र.

तिने विचार केला. "एकत्र नको," ती म्हणाली. "गर्दीत तो मागे राहतो. लाजाळू होता." आणि मला भात वाढला.

आता माझ्या चुकीकडे येतो.

पुढच्या हंगामात तिने मला फार अभिमानाने कळवलं की यंदाचा माल सायगावच्या व्यापाऱ्याचा नाही, तिच्या स्वतःच्या गावचा आहे. लोक निन्ह नावाचा भाग, कंबोडियाच्या सीमेजवळ. तिने घरोघरी फिरून पंधरा-वीस शेतकऱ्यांची मिरी जमवली होती. तोवर ते लोक स्थानिक गिरणीला मिळेल त्या भावाने विकत. हा कंटेनर दुबईत नीट गेला तर गाव दलालाच्या हातातून सुटणार होतं. आमचा दर ठरला. कंटेनर समुद्रावर असताना बाजार पडला, आणि वाईट पडला.

इथे धंद्यातली एक गोष्ट कबूल करायला हवी. दर ठरल्यावर बाजार चढला की घेणाऱ्याला माल छान वाटतो. बाजार पडला की त्यालाच मालात दोष दिसायला लागतात, आणि त्या दोषापोटी तो ठरल्या दरातून पैसे कापतो, त्याला क्लेम म्हणतात. हे सगळे करतात. मीही करायचो, आणि त्यात माझा हात कुणी धरत नसे.

माझं गोदाम दुबईबाहेर, उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात होतं, भाडं कमी म्हणून. कंटेनर जबल अली बंदरातून तिथे आला. गोदाम सांभाळणारा मोइदू म्हणून केरळचा माणूस होता, माझ्याहून वयाने मोठा, माझ्याबरोबर गोण्या वाहिलेला. त्याने लोखंडी नळी खुपसून नमुने काढले. भांड्यात पाचशे सत्तर. ओल नाही, काड्या नाहीत. मी वैतागलो. मग खिशातलं चुंबक फिरवलं आणि त्याला काहीतरी चिकटलं.

नखाएवढे तुकडे. पातळ, कडा वळलेल्या, गंजलेले. चाळीस गोण्या उघडल्या, निम्म्याहून जास्तीत एखाददुसरा निघाला. मी ते डब्याच्या झाकणात जमवले. मनातल्या मनात मी खूश झालो होतो, हे लिहायला आज लाज वाटते.

मोइदू तुकडा बोटांत फिरवत म्हणाला, "सेठ, ये कीला-वीला नहीं है. किसी ने डाला, ऐसा नहीं लगता."

"तू मिरी देखता है कि लोहे का डॉक्टर है?" मी म्हटलं.

त्याने तुकडा झाकणात टाकला. मी तिला फोन केला, आणि तो ठेवून अल रासमध्ये आणखी तीन दुकानांत फोन केला. व्हिएतनामवाली लोखंड घालते, सांभाळा. बाजारात असा शब्द गेला की तो तासाभरात सगळीकडे पोचतो. मला तेच हवं होतं, म्हणजे तिला दुसरीकडे विकायची वाट राहिली नसती.

ती टॅक्सीने उम्म अल कुवैनला आली. कोट नव्हता, घरातले कपडे होते.

"दाखवा," ती म्हणाली.

मी झाकण पुढे केलं. तिने एक तुकडा उचलला, तळहातावर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली.

"बाई, तुमच्या गावाने वजन वाढवलं," मी म्हटलं. "मला वाटलं होतं तुम्ही वेगळ्या आहात. तुम्हीही त्यातल्याच."

तिने तुकडा झाकणात परत ठेवला. मी कॅल्क्युलेटरवर कापलेल्या दराचा आकडा दाबला. तो आकडा मी सौद्यासाठी नव्हे, भांडणासाठी दाबला होता. तिथून तिने ओरडत वर यावं, मी ओरडत खाली ओढावं, आणि मधे कुठेतरी आम्ही भेटावं, असं मी धरून चाललो होतो.

तिने आकडा वाचला. "ओके," म्हणाली.

समोरचा पहिल्याच आकड्याला हो म्हणाला की आपण काहीतरी चुकलोय, हे या धंद्यात पहिल्या वर्षी शिकतात. मला ते कळत होतं. पण हो म्हणालेल्या माणसाला कारण विचारणं माझ्या रक्तात नव्हतं. मी सही घेतली.

ती म्हणाली, "हे मला द्या," आणि झाकणाकडे बोट केलं.

"घ्या की," मी म्हणालो. "याचे पैसे लावत नाही."

मोइदूने मान खाली घातली. तिने रुमाल पसरला, एकेक तुकडा त्यात ठेवला, गाठ मारली, आणि टॅक्सीत बसून गेली.

पुढच्या हंगामात मी फोन केला. पलीकडून आवाज आला, "हॅलो, मिस्टर भिकाजी." इतक्या वर्षांत तिने हे नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. यंदा माल नाही म्हणाली. आठवड्याने मी अल रासमधल्या एका इराण्याच्या दुकानासमोरून गेलो, तर तिच्या गावचा शिक्का मारलेल्या गोण्या रस्त्यावर रचलेल्या. त्याने मला चहा पाजला आणि म्हणाला, "हबीबी, लोखंड कुठे आहे? मला तर एक तुकडा दिसला नाही."

मी तो चहा अर्धा टाकून उठलो. संतापाने माझे दोन दिवस गेले. दुबईत तिला उभं कुणी केलं? पहिली ऑर्डर कुणाची? एका क्लेममुळे कुणी तोंड फिरवतं का? क्लेम तर रोजचे. मी स्वतः दहा वेळा कापलाय आणि दहा वेळा कापून घेतलाय, आणि संध्याकाळी त्याच माणसाबरोबर जेवलोय. मोइदूला हे सगळं ऐकवलं, तर तो म्हणाला, "सेठ, उसको पूछो ना." मी विचारलं नाही. फॅक्स मात्र तीन पाठवले, मोठ्या अक्षरांत, दरांविषयी. बारीक अक्षरांत उत्तर आलं नाही. वर्षभराने ती दुबई सोडून गावी गेल्याचं इराण्याकडूनच कळलं.

त्यानंतरही मी व्हिएतनामची मिरी घेत होतो, दुसऱ्यांकडून. बरी असायची. पाचशे चाळीस, पाचशे पन्नास. दर हंगामाला पहिला नमुना भांड्यात ओतताना मला पाचशे सत्तरची आठवण यायची, आणि फोन वाजला की पहिला अर्धा क्षण मी काहीच न बोलता थांबायचो. पलीकडचा माणूस हॅलो-हॅलो करायचा.

नवं शतक लागून दोनेक वर्षं झाली तेव्हा मी ठरवलं, मधला माणूसच नको, थेट शेतावरून माल उचलायचा. असं मी मोइदूला सांगितलं. त्याने विचारलं, कुठला भाग? मी म्हटलं, लोक निन्ह. माझी बॅग भरताना त्याने त्यात खजुराचे दोन डबे घातले.

सायगावहून गाडीने चारएक तास. शहर संपलं तशी माती लाल झाली आणि मला गाडीच्या खिडकीपासून नजर काढवेना. काजू, फणस, लाल धूळ बसलेली केळी, आणि खांबांवर चढलेली मिरी. फक्त कौलांचा उतार आणि भाषा वेगळी. परमुलखात घर दिसावं आणि ते आपलं नसावं, हे फार वाईट असतं. ड्रायव्हरला बरं इंग्रजी येत होतं, तोच दुभाषा.

हंगाम चालू होता. अंगणाअंगणात ताडपत्रीवर मिरी वाळत होती. एका अंगणात दोन बायका झाडूच्या दांड्याला बांधलेलं चुंबक मिरीवरून फिरवत होत्या, आपल्याकडे वाळवण हलवतात तशा. कोपऱ्यात एक घमेलं होतं. त्यात तेच तुकडे. पातळ, कडा वळलेले.

"हे काय आहे?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"बॉम्ब," तो म्हणाला. "जुने. मिरीसाठी खड्डा खणला की निघतात. पाऊस पडला की वर येतात. झाडावरून खाली पडलेली मिरी गोळा करतात ना, तिच्याबरोबर येतात. घमेलं भरलं की भंगारवाल्याला देतात."

शेजारच्या गोठ्यात डुकरं खात होती. त्यांची द्रोणी म्हणजे लांबट लोखंडी नळकांडं, उभं चिरून आडवं टाकलेलं. ते काय असावं, हे मी विचारलं नाही.

मी ताडपत्रीच्या कडेला उकिडवा बसलो. ड्रायव्हरला वाटलं मला ऊन लागलं.

थूचं घर शोधायला लागलं नाही, दुबईवाली म्हटल्यावर पोरांनी रस्ता दाखवला. ती मळ्यात होती. घरात तिची आई, ऐंशीच्या पुढची, बाजेवर. समोर फळीवर तोच मोठ्या कानांचा फोटो, उदबत्ती, आणि फळीखाली एनॅमलचं मोठं तसराळं, लोखंडाच्या तुकड्यांनी काठोकाठ भरलेलं. बाकीच्या घरांत घमेली होती आणि ती रिकामी होत होती. हे रिकामं होत नव्हतं.

मी म्हातारीला वाकून नमस्कार केला. तिने दचकून पाय वर घेतले आणि काहीतरी विचारलं. तेवढ्यात दारातून उत्तर आलं. थू उभी होती, हात मातीचे, केस अर्धे पांढरे. ती आईला तिच्या भाषेत सांगत होती. त्यातले दोनच शब्द मला कळले. आन् तू.

मी बसलो. चहा आला. मी खजूर दिले. मग दरांबद्दल बोलायला लागलो, कारण दुसरं काय बोलतात ते मला येत नव्हतं. ती ऐकत राहिली. शेवटी मी तसराळ्याकडे हात केला.

"आई विकू देत नाही," ती म्हणाली. "लढाई इथूनच सुरू झाली. दादा याच बाजूला कुठेतरी असेल. कुठला तुकडा त्याला लागला ते कुणाला माहीत? म्हणून आमच्या रानातले सगळे ठेवायचे. त्या वर्षी गोण्यांतून गेलेले मी परत आणले. आईने मोजून घेतले."

अशा वेळी मला लाज वाटण्याऐवजी राग येतो. तो तेव्हाही आला.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" मी म्हणालो. "एक वाक्य. गोदामात उभ्या होतात, एक वाक्य बोलला असतात तर मी एक सेंटही कापला नसता. मला माणूस समजला नाहीत. इतकी वर्षं मी तुम्हाला शिव्या देतोय."

"सांगितलं असतं तर तुम्ही दर वाढवला असता?"

"अर्थात वाढवला असता."

"मग त्या दरात माझा भाऊ आला असता," ती म्हणाली. "मी मिरी विकायला आले होते. भावाला नाही."

ड्रायव्हर बाहेर जाऊन उभा राहिला. आम्हाला दुभाष्याची गरज नव्हती, हे त्यालाही कळलं असावं. मी आयुष्यभर समोरच्याच्या आकड्याला उलट आकडा दिला. तिथे कॅल्क्युलेटर खिशातच राहिला. आजही माझी तक्रार मी पूर्ण मागे घेतलेली नाही. गप्प राहणारा माणूस समोरच्याला चुकायला मोकळं सोडतो, असं मला वाटतं. पण मी त्या दिवशी चुकायलाच बसलो होतो, हेही खरं. बाजार पडला होता.

मग मी विचारलं, "यंदाची मिरी?"

"इराण्याला दिली."

"पुढच्या वर्षीची?"

"तीही त्यालाच. तुमच्या क्लेमनंतर गावाने चुंबकं घेतली. आता माल चांगला जातो." ती हे खोचून बोलत नव्हती, माहिती देत होती. मग म्हणाली, "आन् तू, व्यापार नको. जेवायला या. दादाच्या दिवशी. तुम्ही त्याच्याबरोबर जेवलाय, आई म्हणते, तो माणूस यायला हवा. दोन आठवड्यांपूर्वीच होऊन गेला. पुढच्या वर्षी या."

मला ती मिरी हवी होती, ती मिळाली नाही, आणि त्याहून मोठं काहीतरी हातात पडलं होतं, ते कसं धरतात हे मला कळेना. गाडी सुरू झाली होती. म्हातारी दारापर्यंत आली होती. थू खिडकीशी वाकून म्हणाली, "याल ना?"

मी म्हणालो, "इन्शाल्ला."

या शब्दाचा खरा अर्थ देवाची इच्छा असेल तर, आणि ज्यांची श्रद्धा आहे ते तो मनापासून म्हणतात. पण देऱ्याच्या बाजारात आम्ही व्यापाऱ्यांनी त्याचं वाटोळं केलं होतं. पेमेंट उद्या देणार का, इन्शाल्ला. माल सोमवारी उचलणार का, इन्शाल्ला. तोंडावर नाही म्हणायचं नसलं की तो शब्द. मी दिवसातून वीस वेळा म्हणत असेन. थू सहा वर्षं देऱ्यात राहिली होती. तिने तो माझ्याच तोंडून शेकडो वेळा ऐकला होता.

तिने मान हलवली, आम्ही बाजारात हलवायचो तशी, समजलं अशी, आणि खिडकीवरचा हात काढून घेतला.

मी जाणार होतो. खरंच जाणार होतो. पण पुढच्या वर्षी ती तिथी कधी येते ते विचारायला फोन केला नाही, कारण मला वाटलं ती कळवेल. तिने कळवलं नाही, कारण तिला उत्तर मिळालेलं होतं. मग मोइदू आजारी पडला, गोदाम हलवावं लागलं, मग मीच धंदा आवरला. आमच्या राजापूरकडे माणूस कुठूनही उठला, अगदी न परतण्यासाठी निघाला, तरी उंबऱ्यावरून 'येतो' म्हणतो. दोन अक्षरी शब्द आहे. ती बाई दुबईत होती तेव्हा तिच्या खोलीवरून निघताना दर वेळी मी तोच म्हणायचो, आणि तिला त्याचा अर्थही माहीत होता.